पाहुण्यांना पीच चालतं का?

५ जून

भट्टीवाले पाहुणे,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरून घेतो, त्यातून फार घोटाळे होतात. एकतीस वर्षं फळांच्या कारखान्यात कोयी काढायच्या यंत्राशेजारी उभा राहिलोय, त्याने कानांची वाट लावली. समोरासमोर बसलं की मी माणसाच्या ओठांवरून भागवतो. रविवारी तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा तेही जमेना, कारण थोड्याच वेळात तुम्ही तोंडावर रुमाल धरलात तो जाईपर्यंत काढला नाहीत. म्हणून आता लिहूनच बोलू.

मुलगी माझी एकुलती एक. तिने तुम्हाला पसंत केलंय. तिची आई तर तुम्ही आणलेला पाव बघूनच विरघळली. राहता राहिलो मी. मी खडूस माणूस नाही, पण माझं काम प्रतवारीचं आहे. पट्ट्यावरून पीचं येतात, मी बघतो, दाबतो, हुंगतो आणि ठरवतो की हे डब्यात जाईल, हे जॅममध्ये आणि हे बाहेर. एका फळाला दोन सेकंद. माणसाला जास्त लागतात, म्हणून घरात मी हंगाम संपेपर्यंत मुदत मागून घेतलीय. ऑगस्ट लागला की पट्टा थांबतो. तेव्हा माझं हो की नाही ते सांगेन.

आता मुद्द्याचं. तिच्या आईने तुमच्यापुढे बशी ठेवली. पहिल्या तोडणीचं पीच, मी स्वतः निवडलेलं, सालीसकट आठ फोडी. तुम्ही एक फोड तोंडात घातलीत आणि बशी सरकवून म्हणालात, "माफ करा, मी पॅलिओ आहे." तिच्या आईला वाटलं हा एखादा पंथ असावा. ती बिचारी पाय आवरून बसली. मग मुलीने समजावलं की पॅलिओ म्हणजे आदिमानव जे खायचा तेवढंच खायचं. त्यानंतर दहा मिनिटांत तुम्ही बस चुकेल म्हणून उठलात. आमच्याकडून बस दर अर्ध्या तासाला असते.

तर एवढंच कळवा, पॅलिओत पीच बसतं की नाही. बसत असेल तर आमची बशी का सरकवलीत, आणि बसत नसेल तर त्या आदिमानवाचं पीचने काय घोडं मारलं होतं.

मुलीचे वडील

९ जून

आदरणीय काका,

तुम्हाला आणि काकूंना नमस्कार. तुमचं पत्र आलं तेव्हा मी दुपारचे पाव भट्टीतून काढत होतो. पाकिटावर कारखान्याचा शिक्का बघून हात पोळला, पण तो माझाच वेंधळेपणा.

आधी माफी मागतो. रुमालाचं म्हणाल तर सर्दी होती. बसचं म्हणाल तर मला वेळापत्रक ठाऊक नव्हतं. काकूंना सांगा की पॅलिओ हा पंथ नाही, त्यात कुणाला पाय आवरावे लागत नाहीत.

पीचचं असं आहे, काका. आदिमानवाच्या काळी बागा नव्हत्या, कलमं नव्हती. आज आपण खातो ते पीच माणसाने शेती सुरू केल्यावर वाढवत नेलेलं आहे. त्यामुळे नियमाने पाहिलं तर ते बसत नाही. मी धान्य, दूध, साखर, डाळी यातलं काहीच घेत नाही. ही सगळी शिस्तीची गोष्ट आहे. यात तुमच्या पीचचा काडीचाही दोष नाही. दिसायला ते इतकं सुंदर होतं की मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

मुदत तुम्ही हवी तेवढी घ्या. मी थांबेन. तुमची मुलगी म्हणते की तुम्ही वरून कडक आहात. आतून कसे ते तिने सांगितलं नाही.

आपला,
भट्टीवाला

१४ जून

पाहुणे,

पत्र पोचलं. परवा सुट्टीच्या दिवशी मी वाचनालयात गेलो. तिथल्या बाई मला ओळखतात, कारण दर हंगामात मी त्यांना पिशवीभर पीचं देतो. मी म्हटलं, आदिमानवाच्या जेवणावर काही आहे का. त्यांनी शिडी लावून एक जाडजूड पुस्तक काढलं. पान एकशे बारा. "काय चालतं" या मथळ्याखाली फळं, आणि फळांखाली यादी. सफरचंद, बोरं, पीच. पीच तिसऱ्या नंबरवर आहे, पाहुणे. मला वाटलं चष्मा दगा देतोय, म्हणून बाईंकडून पुन्हा वाचून घेतलं. त्यांनीही पीचच वाचलं.

मग पान उलटलं. "काय चालत नाही." पहिल्या नंबरवर पाव. आता मला सांगा, तुम्ही दिवसाला चारशे पाव भाजता आणि एकही खात नाही? न्हाव्याने दाढी वाढवून बसावं, तसं झालं हे. हे मी तिच्या आईला म्हटलं तर ती म्हणाली, असतात लोक संयमी. मी तुमचा संयम वाखाणतो, पण माझा त्यावर विश्वास बसत नाही.

दुसरं. मुलगी म्हणते की गेल्या हंगामात तिने दर आठवड्याला तुम्हाला पीचं आणून दिली आणि तुम्ही प्रत्येक वेळी "फारच गोड होती" म्हणालात. ती कुणी खाल्ली?

तुमची अडचण ज्ञानाची असेल तर ती आता मिटली. सोबत बसवाल्याच्या हाती बारा पीचं पाठवतोय. चार हजारांतून निवडलेली आहेत. देठाजवळ हुंगून बघा.

मुलीचे वडील

२० जून

आदरणीय काका,

बारा पीचं सुखरूप पोचली. एकही वाया गेलं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

गेल्या हंगामात मी पॅलिओ नव्हतो. माणूस बदलतो, काका. पावाचं म्हणाल तर संयम हा शब्द माझ्यासाठी फार मोठा आहे. पहाटेची पहिली खेप निघते तेव्हा मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहतो. भट्टीच्या मालकीणबाई विचारतात, तुझी पँट इतकी ढगळ कशी झाली. मी आता उकडलेली अंडी खातो. सकाळी अंडी, दुपारी अंडी. तुमच्या मुलीने माझं कौतुक म्हणून काल अंड्यांचा ट्रे भेट दिला.

तुमचं पुस्तक बरोबर आहे, पण ते सर्वसामान्यांसाठी आहे. मी जरा कडक पाळतो. खऱ्या आदिमानवाचं पीच लिंबाएवढं होतं म्हणे. आंबट, कोय मोठी आणि गर नावाला. झाड आपलं आपण उगवलेलं, कुणी पाणी न घातलेलं. तसलं पीच आज कुठे मिळतं? मिळालं असतं तर मी आनंदाने खाल्लं असतं. पण ते काही आता मिळायचं नाही, तेव्हा हा विषय आपण इथेच सोडू, असं मला नम्रपणे वाटतं.

काकूंचा गुडघा दुखतो असं तुमची मुलगी म्हणाली, आता आराम आहे ना?

आपला,
भट्टीवाला

२७ जून

पाहुणे,

मिळालं.

आमच्या कारखान्याच्या मागे कोयींचा ढीग आहे. मी नोकरीला लागलो तेव्हापासूनचा. यंत्र कोयी ओकतं, गाडा त्या मागे नेऊन टाकतो आणि विसरून जातो. त्या ढिगाच्या पलीकडच्या उतारावर काही कोयी रुजल्यात आणि त्यांची झाडं झालीत. कुणी लावली नाहीत, कुणी पाणी घातलं नाही, कुणी छाटली नाहीत. तुमचं पत्र वाचलं आणि मला ती आठवली. एकतीस वर्षांत मी तिकडे फक्त लघवीला गेलो होतो.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बादली घेऊन ढिगावर चढलो. कोयींवर पाय ठरत नाही, दोनदा घसरलो, ढोपर फुटलं. आता घरात दोन गुडघे दुखतात, एक तिच्या आईचा आणि एक माझा. पण पीचं बघा. लिंबाएवढी. एक चावून बघितलं तर डाव्या डोळ्यातून पाणी आलं. गर नावाला, कोय मोठी, सगळं तुम्ही लिहिलंत तस्संच. आणि अंगावर लव म्हणाल तर मांजराच्या पिल्लासारखी. आमच्या पट्ट्यावर येणारी पीचं ब्रशखालून जातात, त्यांची लव झडून जाते. ही मी मुद्दाम पुसली नाहीत, धुतलीही नाहीत, कारण आदिमानव धूत नसणार. खोका घट्ट बांधलाय. लव उडू नये म्हणून वर कागद घातलाय, म्हणजे उघडाल तेव्हा सगळी जशीच्या तशी मिळेल.

बादली घेऊन खाली आलो तेव्हा सुपरवायझरने विचारलं, हे कशाला. मी म्हटलं, पोरीसाठी स्थळ आलंय. त्या दिवसापासून तो माझ्याकडे जपून बघतो.

खाऊन कळवा. चवीबद्दल खोटं बोलायची गरज नाही, ती भयंकर आहे.

मुलीचे वडील

१२ जुलै

पाहुणे,

पंधरा दिवस झाले, तुमचं उत्तर नाही.

मुलगी म्हणते तुम्ही कामावर येत नाही. ती तुमच्या घरी गेली तर तुम्ही दार उघडलं नाहीत. खिडकीतून टॉवेल गुंडाळलेलं डोकं दिसलं आणि "बरं नाही, नंतर ये" असा आवाज आला. ती घरी येऊन जेवली नाही. तिने आजवर माझ्यासमोर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, परवा काढलं. ते मी बघितलं, आणि ते बघायला मला कान लागले नाहीत.

आता मी सरळ लिहितो. पॅलिओत पीच बसतं. मोठं बसतं, छोटं बसतं, जंगली तर बसतंच बसतं. तुम्ही प्रत्येक वेळी नवा नियम काढलात आणि मी प्रत्येक वेळी तो पुरा केला. म्हणजे अडचण पीचची नव्हतीच. तुम्हाला आमचं घरच नको आहे, आणि तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून त्या मेलेल्या आदिमानवाला पुढे केलंत.

मी मोठा माणूस नाही. मुलीला द्यायला माझ्याकडे जमीनजुमला नाही. हंगामात प्रत्येक कामगाराला निवडीची पीचं घरी न्यायला मिळतात, तेवढीच माझी मिरास. वाचनालयातल्या बाईंना देतो, डॉक्टरला देतो, शेजाऱ्याशी भांडण झालं तर मिटवायला तीच देतो. मला बोलता फार येत नाही आणि ऐकू तर येतच नाही, तेव्हा माणसाशी संबंध ठेवायचा माझा तेवढा एकच मार्ग आहे. तुमच्यापुढे तो तीनदा ठेवला. तुम्ही तीनदा सरकवलात. मला ते लागलं.

हंगाम संपायची वाट बघायची गरज उरली नाही. माझं उत्तर नाही, असं समजा. मुलीला मी या रविवारी सांगणार आहे.

मुलीचे वडील

१५ जुलै

काका,

पाया पडतो, रविवारपर्यंत थांबा आणि हे पत्र आधी वाचा. अक्षर वाईट आहे, कारण उजव्या हाताची बोटं अजून नीट मिटत नाहीत.

मला पीच सोसत नाही. सात वर्षांचा असताना पहिल्यांदा खाल्लं तेव्हा ओठ सुजून नाकाला लागले होते. डॉक्टरांनी सांगितलं, याला पीचपासून लांब ठेवा, विशेषतः सालीपासून आणि त्या लवेपासून. तेव्हापासून वीस वर्षं ठेवलं. मग तुमची मुलगी भेटली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, माझे बाबा अख्ख्या कारखान्यातली सगळ्यात चांगली पीचं निवडतात, आणि पिशवी माझ्या हातात दिली. तिचा चेहरा असा होता की मला सांगवेना. पुढच्या आठवड्यात सांगू म्हटलं. पुढच्या आठवड्यात तिने दुसरी पिशवी दिली.

गेल्या हंगामातली सगळी पीचं आमच्या भट्टीत टार्टवर गेली. हातमोजे घालून मीच चिरली. गिऱ्हाइकं विचारतात, यंदा ते टार्ट कधी सुरू होणार. तुमची बारासुद्धा तिथेच गेली, म्हणून एकही वाया गेलं नाही असं लिहिलं.

तुमच्या घरी बशी पुढे आली तेव्हा काकू इतक्या प्रेमाने बघत होत्या, वाटलं, एक फोड गिळून टाकू, काय होईल ते होईल. तोंडात घातली आणि लगेच ओठ चुरचुरायला लागला. आमच्या दुकानात एक बाई रोज येतात आणि विचारतात, पॅलिओ काही आहे का. मी रोज नाही म्हणतो. तेवढा एकच शब्द त्या क्षणी डोक्यात होता, तो तोंडातून निघाला. रुमालामागे ओठ सुजत होता, म्हणून बस चुकायचं निमित्त केलं.

आणि एकदा म्हटलं की मी पॅलिओ आहे, मग तुमच्या मुलीने सगळ्यांना सांगितलं. मालकीणबाईंना, माझ्या आईला, कोपऱ्यावरच्या चांभारालासुद्धा. काका, मी सहा आठवडे पाव खाल्लेला नाही. मी पाववाल्याचा मुलगा, पाववाल्याचा नातू. अंड्याचा वास आला तरी आता मी नाक दाबून बाहेर जातो. एका पीचसाठी मी सगळी शेती सोडून बसलो.

तुमचा खोका आला तेव्हा मी खूश झालो होतो, कारण वाटलं काकूंनी काही पाठवलं. नाक घालूनच उघडला. वरचा कागद उचलला आणि ती सगळी लव तोंडावर आली. डोळे मिटले ते तीन दिवस उघडले नाहीत. दवाखान्यात दोन दिवस, मग घरी. तुमची मुलगी दाराशी आली तेव्हा माझं तोंड उकडलेल्या बटाट्यासारखं झालं होतं. या तोंडाने तिला खरं सांगणं मला जमलं नाही. त्यात तुमचा दोष नाही. तसलं पीच मीच मागितलं होतं.

मला वाटलं, पीचवाल्याच्या घरात पीच न चालणारा माणूस कसा चालेल. म्हणून खोटं बोललो. फळ सरकवलं, काका, तुम्हाला नाही. तुम्ही ढिगावर चढलात ते वाचून मी एका डोळ्याने रडलो, दुसरा उघडत नव्हता.

आता तुम्ही नाही म्हणालात तर मला बोलायला जागा नाही. पण मुलीला हे पत्र दाखवा. तिला हे माझ्याकडून कळायला हवं होतं.

भट्टीवाला

१९ जुलै

पाहुणे,

पत्र शनिवारी आलं. मुलीला दाखवलं. ती आधी हसली, मग चिडली, मग उठून चपला घालून निघाली, म्हणजे हे पत्र पोचायच्या आत तुम्हाला तिच्या तोंडून सगळं ऐकायला मिळालं असेल. तिची आई म्हणाली, अगं बाई, आपण त्या पोराला मारलंच असतं की. तेव्हापासून ती माझ्याशी अशी बोलते, जणू मी खोक्यात नाग घालून पाठवला होता.

खोक्याबद्दल मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. लव राखून ठेवायला मी जेवढी मेहनत घेतली तेवढी कशालाच घेतली नव्हती.

पण माझा राग गेलेला नाही, आणि तो कशाचा आहे ते समजून घ्या. पीच सोसत नाही हा काही गुन्हा नाही. आमच्याकडे पट्ट्यावर बाहेरून डाग असलेलं फळ येतं तेव्हा मला चिंता नसते. डाग कापला की झालं, बाकीचं डब्यात जातं. मला भीती असते ती वरून गुळगुळीत आणि कोयीपाशी काळं पडलेल्या फळाची. तसलं एक गेलं तर अख्खी खेप परत येते. तुम्ही दोन पत्रांत मला इतकं गुळगुळीत बोललात की मी वाचनालयाची शिडी हलवली. लग्नानंतर मुलीने विचारलं, काय झालं, आणि तुम्ही म्हणालात, काही नाही, मी पॅलिओ आहे, तर ती बिचारी कुठल्या ढिगावर चढणार?

म्हणून माझं नाही मी मागे घेतलेलं नाही, पण बाजूला ठेवलंय. अट एकच. इथून पुढे मी जे विचारेन त्याचं खरं उत्तर द्यायचं, मला आवडो न आवडो.

आता ऐका. आमच्या कारखान्यात डब्यातल्या पीचांची साल सुरीने काढत नाहीत. सोड्याच्या उकळत्या पाण्यातून फळं नेतात, साल लवेसकट विरघळून जाते, मग फवाऱ्याखाली धुतात आणि डब्यात घालून शिजवतात. कारखान्याच्या डॉक्टरांना मी तुमची सगळी हकीगत सांगितली. ते म्हणाले, कुणाकुणाला सालीचाच त्रास असतो आणि असं शिजवलेलं सोसतं. कुणाला तेही सोसत नाही. म्हणून तपासल्याशिवाय जिभेला लावू नका, आणि तपासायचं ते दवाखान्यात, डॉक्टर शेजारी उभा असताना.

बाजारात जाणाऱ्या डब्यांत साखरेचा पाक असतो. तुमचा पॅलिओ आता मेला हे मला ठाऊक आहे, पण इतके दिवस पाळलात तर त्याचाही मान ठेवू. सुपरवायझरची परवानगी काढून मी दोन डबे स्वतः भरले. नुसतं पाणी आणि पीच. वर लेबल नाही, खिळ्याने 'पाहुणे' कोरलंय. खोका बाहेरून दोनदा पुसलाय, तिसऱ्यांदा तिच्या आईने पुसला.

डॉक्टर हो म्हणाले तर खा आणि मला कसं लागलं ते लिहा. आणि आज, हे पत्र वाचून होताच, पाव खा.

मुलीचे वडील

३१ जुलै

काका,

पाव खाल्ला. उभ्याने, भट्टीसमोर, तीन. मालकीणबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, आला एकदाचा माणसांत.

तुमची मुलगी इथे येऊन जे बोलली ते मी लिहीत नाही. ते सगळं मला लागू होतं. जाताना मात्र तिने अंड्यांचा उरलेला ट्रे परत नेला, त्यावरून मी समजलो की माझं अगदीच वाटोळं झालेलं नाही.

डबे घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी आधी हातावर तपासलं, मग थोडं ओठाला लावून अर्धा तास बसवून ठेवलं. मग नखाएवढा तुकडा, पुन्हा अर्धा तास. काही झालं नाही. नर्सबाई दर पाच मिनिटांनी येऊन माझं तोंड बघून जात होत्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, असं सोललेलं, शिजवलेलं तुम्हाला चालेल, ताज्याच्या वाटेला जाऊ नका. मग त्यांच्यासमोरच मी एक अख्खी फोड खाल्ली. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा मी पीच पोटभर चाखलं.

आता तुमची अट. तुम्ही विचारलंत, कसं लागलं.

मी चार दिवस हे पत्र लिहितोय. पहिल्या दिवशी लिहिलं, अप्रतिम. ते फाडलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, वेगळीच चव आहे. तेही फाडलं. तुम्ही माझ्यासाठी हाताने डबे भरलेत, त्यावर खिळ्याने कोरलंत, ढोपर फोडून घेतलंत ते वेगळंच. काकूंनी खोका पुसला. आणि मुलगी पणाला लागलेली. इतकं सगळं समोर असताना एक गोड शब्द लिहायला काय जातंय, असं हजारदा मनात आलं.

पण तुम्ही खरं मागितलंय.

काका, मला पीच आवडलं नाही. बुळबुळीत लागतं. गोड आहे की आंबट, हे त्याला स्वतःलाच ठरवता येत नाही, आणि गिळल्यावर घशात उगाच रेंगाळतं. दुसरा दिवस उजाडला तरी आवडेना, म्हणून दुसरा डबा उघडून पुन्हा बघितलं. तरी नाही आवडलं. चुकी तुमच्या निवडीची नसणार, माझ्या जिभेचीच असणार.

मला तुमची मुलगी हवी आहे. तुम्हीही हवे आहात, पत्रं लिहायला तुमच्यासारखा दुसरा माणूस मला भेटणार नाही. पण पीच मला आवडत नाही. आता ठरवा.

भट्टीवाला

३ ऑगस्ट

आज दुपारी पट्टा थांबला. हंगाम संपला. हात धुतले आणि लिहायला बसलो.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि मागे ढिगावर जाऊन बसलो, कारण मला हसू येत होतं आणि सुपरवायझर आधीच माझ्याकडे संशयाने बघतो.

मलाही पीच आवडत नाही.

हे मी आजवर जिवंत माणसाला सांगितलेलं नाही. नोकरीच्या पहिल्या हंगामातच त्या वासाने माझं डोकं उठलं. पण तेव्हा नवीन लग्न झालेलं. पहिल्या दिवशी पिशवी घेऊन घरी आलो, तिच्या आईने एक चिरलं, बशीत घालून माझ्यापुढे ठेवलं आणि बघत बसली. मी म्हटलं, वा. त्या एका 'वा'ने माझा घात केला. तेव्हापासून हंगामात रोज ताजं आणि हंगाम नसेल तेव्हा डब्यातलं, जेवण झालं की बशी येते. एकतीस वर्षं खातोय मी. तुम्ही म्हणता ना, बुळबुळीत लागतं आणि घशात रेंगाळतं. मला वाटायचं मी एकटाच आहे.

दिवसभर फळं हुंगून निवडतो ते मनापासून, त्यात खोट नाही. लोकांना देतो तेही मनापासून. पण खायची वेळ आली की मी फोडी न चावता गिळतो. आणि ताटासमोर बसून माझ्या तोंडून जे एकतीस वर्षांत निघालं नाही, ते तुम्ही दोन डब्यांत लिहून मोकळे झालात, तेही मुलगी पणाला लागलेली असताना. तुमच्याइतकी हिंमत मला असती तर मी आज तिच्या आईशी जरा वेगळा बोलत असतो.

मुलीला तुम्ही खरं सांगाल, याची आता मला खात्री आहे. तिला त्रास होईल, पण फसगत होणार नाही. तारीख तुम्ही दोघं ठरवा आणि मला लेखी कळवा. लग्नाचा केक तुमच्याच भट्टीतला हवा. पाव मात्र भरपूर ठेवा, तुमची पँट अजून ढगळ आहे असं मुलगी म्हणते.

आता एक विनंती. हे पत्र वाचून झालं की भट्टीत घाला. मी ते स्वतः पेटीत टाकायला निघालोय, घरात कुणाच्या हाती लागू दिलेलं नाही. पुढच्या रविवारी तुम्ही जेवायला याल तेव्हा बशी निघायच्या आधीच तिच्या आईला सांगा की डॉक्टरांनी बजावलंय, तुम्ही ज्या घरात येणार-जाणार त्या घरात पीच नकोच. ताजं नको, डब्यातलं नको, बशीत नको, कपाटात नको. डॉक्टर इतकं काही म्हणाले नाहीत, मला ठाऊक आहे. खरं बोलायची अट मीच घातली होती, तेही ठाऊक आहे. तरी पण एवढं एक माझ्यासाठी खोटं बोला, जावईबापू.